ग्रास जीआयएस: व्हेरिएबल आणि पूरक स्क्रिप्टची चार दशके

ग्रास या नकाशाप्रणालीचे काम १९८२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शॅम्पेन येथील लष्करी बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत सुरू झाले. लष्करी तळांच्या जमिनीचे व्यवस्थापन हा तिचा मूळ हेतू. ती युनिक्सवर घडली आणि तिने युनिक्सचीच रीत उचलली: एकच अवाढव्य प्रोग्रॅम नाही, तर अनेक छोट्या सुट्या कमांड. प्रणाली कुठे बसवली आहे आणि चालू काम कोणते, हे प्रत्येक कमांडला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सांगतात. ‘जीआयएसबेस’मध्ये प्रणालीच्या फोल्डरचा पत्ता असतो; ‘जीआयएसआरसी’ एका छोट्या फाइलचा पत्ता देतो आणि त्या फाइलमध्ये डेटाबेस, लोकेशन (एकाच निर्देशांक-पद्धतीचा डेटा) व मॅपसेट (त्यातला कामाचा उपविभाग) यांची नावे असतात.

या रचनेमुळे चार ओळींच्या शेल स्क्रिप्टनेही नवे साधन तयार करता येई. नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेने अंग काढून घेतल्यावर बेलर आणि हॅनोव्हर विद्यापीठांतून काम पुढे चालले. १९९९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना लागू झाला आणि जगभरच्या वापरकर्त्यांच्या स्क्रिप्टना वाट मोकळी झाली. त्यांच्यासाठी ‘ग्रास_अ‍ॅडऑन_पाथ’ हा व्हेरिएबल आला; त्यात या स्क्रिप्टच्या फोल्डरचे पत्ते असतात. स्क्रिप्ट फोल्डरमध्ये असूनही ‘कमांड सापडली नाही’ असा संदेश आला, तर आधी या व्हेरिएबलची किंमत छापून पाहायची, मग फाइलला चालवण्याची परवानगी आहे का ते तपासायचे. अनेक फोल्डर देताना युनिक्सवर विसर्गचिन्हासारखा कोलन लागतो, विंडोजवर अर्धविराम. हा फरक विसरला की पुढचा पत्ता वाचलाच जात नाही. पुढे ‘जी.एक्सटेन्शन’ कमांड आली आणि पूरक साधने ठरलेल्या जागी आपोआप बसू लागली.

विंडोजवर शेल स्क्रिप्टसाठी वेगळे शेल सोबत द्यावे लागे. २०१५ च्या ७.० आवृत्तीत या स्क्रिप्ट पायथनमध्ये आल्या आणि ती अडचण मिटली, पण दुसरी उभी राहिली: अन्य सॉफ्टवेअरने संगणकभर ‘पायथनहोम’ नेमला असेल, तर ग्रासला भलतेच पायथन मिळते. २०१९ मध्ये ग्रास प्रक्षेपणासाठी वापरते त्या प्रोज लायब्ररीच्या ६ व्या आवृत्तीने निर्देशांक-पद्धतींच्या व्याख्या ‘प्रोज.डीबी’ या फाइलमध्ये आणल्या. तेव्हापासून दुसऱ्या सॉफ्टवेअरने ठेवलेला ‘प्रोज_लिब’ जुन्या फाइलकडे नेत असेल, तर नकाशाचे प्रक्षेपण ओळखले जात नाही.

दोन्ही वेळा उपाय एकच: असे व्हेरिएबल संगणकभर न ठेवता प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, त्या सत्रापुरते नेमावेत. विंडोजवरील ओएसजिओ४डब्ल्यू संचाच्या बॅच फाइल हेच करतात.