सपाट-शीर्ष एंजिन व त्याचा पुनरुद्धार

ज्या पेट्रोल एंजिनातील झडपा सिलिंडराच्या माथ्यावर न बसविता त्याच्या बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असतात, त्याला सपाट-शीर्ष किंवा पार्श्व-झडप एंजिन म्हणतात. अशा एंजिनाचे शीर्ष, म्हणजे सिलिंडरांवरील झाकण, हे ज्वलन कोठीचे खळगे, पाण्याच्या वाटा व ठिणगी-गुडद्यांची भोके असलेला एक ओतीव पाटा असतो; त्यात हलणारा एकही भाग नसतो. अमेरिकेत ‘फ्लॅटहेड’ आणि मुंबई इलाख्यातील मोटार कारखान्यांत ‘साइड व्हॉल्व्ह’ ही नावे रूढ झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात आलेल्या मोटारगाड्या, मालमोटारी व जीपगाड्या यांपैकी पुष्कळांना याच प्रकारचे एंजिन होते.

या रचनेत कॅम दंड झडपांच्या थेट खाली असतो. ढकलदांडे, दोलक भुजा इ. भाग लागत नाहीत. त्यामुळे एंजिन बुटके, स्वस्त व दुरुस्तीस सोपे होते. शीर्षाचे बोल्ट सोडविले की दट्ट्ये व झडपा उघड्या दिसतात. याची किंमत मात्र अन्यत्र मोजावी लागते. इंधन-हवेचे मिश्रण झडपेतून वर येऊन आडवे वळते व मग सिलिंडरात उतरते. संपीडन गुणोत्तर वाढविण्यासाठी ज्वलन कोठी लहान केल्यास ही आडवी वाट अरुंद होते व एंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी १९१९ च्या सुमारास मिश्रणात खळबळ निर्माण करणारे शीर्ष तयार करून या प्रकाराचे आयुष्य लांबविले. तरी मूळचा दोष गेला नाही.

फोर्डच्या १९०८ मधील ‘मॉडेल टी’ गाडीचे चार सिलिंडरांचे एंजिन पार्श्व-झडपेचेच होते. याच कंपनीने ३१ मार्च १९३२ रोजी जाहीर केलेले व्ही-८ एंजिन या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध होय. आठ सिलिंडर व भुजादंडाची पेटी मिळून एकसंध बिडाचे ओतकाम स्वस्तात व मोठ्या संख्येने करणे हे त्या काळी ओतशाळेचे असाधारण यश होते. सिलिंडराचा व्यास ७७·८ मिमी., धाव ९५·२ मिमी., एकूण घनफळ सु. ३,६२० घ. सेंमी. आणि शक्ती ६५ अश्वशक्ती होती. १९३४ मध्ये ती ८५ अश्वशक्तीपर्यंत गेली. अमेरिकेत १९५३ पर्यंत फोर्ड मोटारगाड्यांत हे एंजिन बसविले जात होते. त्यातील जळालेले वायू दोन्ही ओळींच्या मधल्या भागातून निघून ठोकळ्यातील पाण्याच्या आवरणामधूनच बाहेर नेलेले होते. परिणामी एंजिनाची बरीच उष्णता पाण्याला सोसावी लागे आणि ते लवकर तापे.

कॅलिफोर्नियातील तरुणांनी याच एंजिनाला वेगळे आयुष्य दिले. भंगारात अल्प किमतीस मिळणारे व्ही-८ जुन्या, हलक्या गाडीत बसवायचे, सिलिंडर मोठे करायचे, कॅम दंड व शीर्ष बदलायचे, दोन-तीन कार्ब्युरेटर लावायचे आणि म्यूरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर ती गाडी वेगाने पळवायची, असा हा छंद होता. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. शर्यती भरविणारी दक्षिण कॅलिफोर्नियातील संघटना १९३७ मध्ये व या छंदाचे नियतकालिक जानेवारी १९४८ मध्ये सुरू झाले. शेव्हरोलेचे माथ्यावर झडपा असलेले व्ही-८ एंजिन १९५५ मध्ये आल्यावर फोर्डचे महत्त्व ओसरले.

महाराष्ट्रात हीच एंजिने वेगासाठी आली नाहीत. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली व मुंबईत सुट्या भागांतून गाड्यांची जुळणी होऊ लागली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्राइस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्यांची जुळणी होऊ लागली. त्यांत सहा सिलिंडरांचे पार्श्व-झडप एंजिन होते. महिंद्र कंपनीने मुंबईत जुळविलेल्या आरंभीच्या विलीज जीपगाड्यांचे एंजिनही याच जातीचे होते : चार सिलिंडर, सु. २,२०० घ. सेंमी. घनफळ, दर मिनिटास ४,००० फेऱ्यांना ६० अश्वशक्ती. पुढील जीपगाड्यांत अंतर्ग्रहण झडप माथ्यावर गेली व निष्कास झडप ठोकळ्यातच राहिली. संपूर्ण निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारने जुळणीची मुभा नाकारल्यावर फोर्डने १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात येथील काम बंद केले. तेव्हापासून व्ही-८ चे नवे भाग सहजासहजी मिळेनासे झाले व दुरुस्तीचा सर्व भार स्थानिक कारागिरांवर पडला.

या एंजिनांची खरी कसोटी मुंबई-आग्रा रस्त्यावर लागे. भिवंडी व पडघे मागे टाकून हा रस्ता भातसा नदीच्या परिसरात वाशिंदजवळ येतो व तेथून शहापूर, खर्डी, कसारा असा चढत जातो. कसाऱ्यापुढील थळ घाट ओलांडून सु. ६०० मी. उंचीवरील इगतपुरी गाठावी लागते. शेजारचा लोहमार्ग या घाटात ३७ स १ अशा चढाने सु. ३०० मी. वर जातो. भरलेली मालमोटार अशा चढावर खालच्या गिअरमध्ये चालते. एंजिन पूर्ण जोर लावत असते, पण गाडी मंद असल्याने रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही. सपाट-शीर्ष एंजिनातील पाणी अशा वेळी उकळते. तापलेल्या ठोकळ्यात घाईने थंड पाणी ओतल्यास बीड असमान आकुंचन पावून झडपेची बैठक व सिलिंडर यांमधील अरुंद भागाला तडा जातो. जुना ठोकळा घेताना आजही हाच तडा प्रथम शोधतात.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक झीज पदरात टाकली. १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आल्यावर अनेक बसगाड्या व मालमोटारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला भट्टी बसवून लोणारी कोळशापासून निर्माण केलेला वायू एंजिनाला पुरविला जाई. शहापूर-मुरबाडची जंगले लोणारी कोळशाचा प्रदेश होता आणि तेथील भट्ट्यांवर प्रामुख्याने कातकरी मजूर राबत. मोटारीच्या इतिहासात त्यांची नोंद क्वचितच होते. कोळसावायूने एंजिनाची शक्ती बरीच घटे. वायू नीट गाळला न गेल्यास बारीक राख सिलिंडरात जाऊन त्याच्या भिंती घासून काढी. पार्श्व-झडप एंजिन हे हलके इंधन निमूटपणे पचवी, पण सिलिंडर पुन्हा कोरण्याची पाळी लवकर येई.

युद्ध संपल्यावर लष्करी साठ्यातील गाड्या व सुटे भाग ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून बाजारात आले. सरकारी खात्यांनी ‘कंडम’ ठरविलेल्या जीपगाड्यांचे लिलाव हा पुढे त्यांच्या पुरवठ्याचा नेहमीचा मार्ग झाला. मुंबईतील चोर बाजार व कुर्ल्याचा भंगार बाजार येथे ठोकळे, भुजादंड, शीर्षे सुटी विकली जात. तथापि १९५४ पासून जमशेटपूरच्या टाटा-मर्सिडीज डीझेल मालमोटारी रस्त्यावर आल्या आणि जुन्या पेट्रोल मालमोटारींतही पर्किन्स डीझेल एंजिने बसविण्यात येऊ लागली. इंधनखर्चाचा हिशेब पाहता मालकांचा हा निर्णय योग्यच होता. काढलेले सपाट-शीर्ष एंजिन मात्र बिडाच्या भावाने वजनावर गेले. अमेरिकेत ज्या वस्तूभोवती छंद उभा राहिला, ती येथे वितळविली गेली.

उरलेल्यांपैकी एखादे एंजिन विकत घेताना भुजादंड फिरतो की नाही, यापेक्षा ठोकळा शाबूत आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. गंजून जाम झालेले दट्ट्ये वंगण मुरवून व सावकाश उष्णता देऊन सोडविता येतात. ठोकळ्याचा तडा सांधणे हे खर्चाचे व अनिश्चित काम आहे. तडा शोधण्याची जुनी रीत साधी आहे. बीड स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावतात, ते पुसून खडूची भुकटी फासतात. तडा असेल तेथे रॉकेल झिरपून ओलसर रेघ उमटते. खात्रीसाठी चुंबकीय किंवा रंगद्रवाची परीक्षा करतात. फोर्डच्या ठोकळ्यात पाण्याच्या वाटांमध्ये ओतकामाची वाळू व तारा कित्येक दशके अडकून राहिलेल्या आढळतात. त्या काढल्याखेरीज रेडिएटर कितीही चांगला असला तरी एंजिन तापतेच.

सिलिंडराची झीज सर्वत्र सारखी नसते. दट्ट्याच्या कड्या जेथे थांबतात तेथे वर एक कंगोरा राहतो व त्याच्या लगेच खाली झीज सर्वाधिक असते. ती मोजून सिलिंडर इंचाच्या वीस, तीस, चाळीस किंवा साठ हजारांश इतके मोठे कोरतात व त्या मापाचे दट्ट्ये बसवितात. त्यापलीकडे गेलेल्या सिलिंडरात बिडाची नळी ठोकून मूळ माप परत आणतात. आरंभीच्या व्ही-८ मध्ये धारव्यांना कथिल, अँटिमनी व तांबे यांची पांढरी मिश्रधातू जागेवर ओतलेली असे. ती ओतणे, कोरणे आणि निळा रंग लावून भुजादंड फिरवून उमटलेले उंचवटे खरवडणे हे काम पूर्णपणे हाताच्या अंदाजावर चाले. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बदलता येणारी धारवा-कवचे आली आणि तेव्हापासून हे कसब मागे पडत गेले. जीपच्या एंजिनात झडपेचे अंतर मळसूत्राने जुळविता येते. फोर्डमध्ये तशी सोय नसल्याने झडपेच्या दांड्याचे टोक थोडे थोडे घासून अंतर साधावे लागते. जास्त घासले गेल्यास झडप वाया जाते.

इंधनही बदलले आहे. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले. शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करीत असे. म्हणून आता निष्कास बाजूस कठीण पोलादाच्या बैठकी बसविणे इष्ट असते. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुन्या पद्धतीचे रबरी पडदे टिकत नाहीत, त्यामुळे इंधन पंपाचे पडदे व नळ्या बदलाव्या लागतात.

अमेरिकी धर्तीची हॉट रॉड महाराष्ट्रातील रस्त्यावर आणणे कायद्याने कठीण आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन अधोरेखित केले. एंजिन बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे खरेदीत एंजिन-क्रमांकाला ठोकळ्याइतकेच महत्त्व असते. या बाबतीत १९३२ ते १९४८ या काळातील फोर्ड व्ही-८ घेणाऱ्याने विशेष दक्ष असावे. त्याचा क्रमांक ठोकळ्यावर नसून गिअरपेटीच्या क्लच-आवरणावर व सांगाड्यावर छापलेला असे. भंगार बाजारातून सुटा ठोकळा घेणाऱ्याच्या हाती तो येत नाही.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या बिगर-व्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. सांगाडा, साटा किंवा एंजिन यांत मोठे बदल केलेली गाडी तीत बसत नाही. नियमाचा हेतू योग्य आहे. मात्र ‘मूळ स्वरूप’ ठरविणे वाटते तितके सोपे नाही. आग्रा रस्त्यावर राबलेल्या एखाद्या एंजिनात एका गाडीचा ठोकळा, दुसरीचा भुजादंड, तीन वेळा कोरलेले सिलिंडर आणि स्थानिक ओतशाळेत घडविलेले शीर्ष असू शकते. अशा एंजिनातून सर्व देशी भाग काढून अमेरिकेतून नवे भाग मागविल्यास ते कारखान्यातून आलेल्या एंजिनासारखे दिसेल, पण वीस-तीस वर्षे त्याला चालते ठेवणाऱ्या कारागिरांच्या कामाचा एकमेव पुरावाही त्याबरोबर भंगारात जाईल. त्यामुळे पुनरुद्धारात काढलेला प्रत्येक भाग मापासह नोंदवून ठेवणे आणि शाबूत देशी भाग शक्यतो जागेवरच राखणे अधिक श्रेयस्कर होय. वाळूच्या साच्यात ओतलेल्या शीर्षाची खडबडीत पाठ, हाताने कापलेली तांब्याची गॅस्केट आणि नळी बसविलेल्या सिलिंडराच्या कडेची बारीक गोल रेघ या खुणांवरून अशी जुनी दुरुस्ती ओळखता येते.