सहा तासांचं औषध : न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट इतिहासात कुठे सापडतो?

शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना 'परळ' हा शब्द एकाच कारणाने माहीत असतो. घरात कुणाला कॅन्सर निघाला, की टाटा हॉस्पिटल, म्हणजेच परळ. पूर्वी त्यासाठी कोपरगाव किंवा मनमाडहून गाडी पकडायची आणि दादरला उतरायचं. २००९ मध्ये साईनगर शिर्डी स्टेशन झालं, तेव्हा ते थोडं सोपं झालं. तिथे गेल्यावर केसपेपरवर कधीकधी बोन स्कॅन, आयोडीन स्कॅन, पेट स्कॅन अशा तपासण्या लिहून येतात. आणि सोबत ताकीद असते: दिलेल्या वेळेलाच या, उशीर करू नका.

पेशंटला वाटतं, ही मोठ्या हॉस्पिटलची शिस्त. खरं कारण असं, की त्या पेशंटसाठी आणलेलं औषध त्या क्षणी कमी होत असतं. कुणी वापरलं नाही तरी कमी होत असतं. ते किती उरलंय हे मोजणारा, इंजेक्शनचा डोस भरणारा आणि नंतर कॅमेऱ्याखाली पेशंटला झोपवणारा माणूस म्हणजे न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट. आज प्रश्न असा घेऊया: हा माणूस हॉस्पिटलात आला कधी आणि कशामुळे? आणि या क्षेत्राचा इतिहास वाचताना तो आपल्याला दिसत का नाही?

आधी चार आकडे

किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणारा वेळ. मुंबई ते शिर्डी रस्त्याने साधारण २४० किलोमीटर. गाडीला पाच तास लागले असं धरू आणि चार पदार्थ मुंबईहून निघाले अशी कल्पना करू.

आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस. पाच तासांनी त्यातलं सुमारे ९८ टक्के शिल्लक असेल. मॉलिब्डेनम-९९चं ६६ तास. सुमारे ९५ टक्के उरेल. टेक्निशियम-९९एमचं ६ तास. उरेल ५६ टक्के. आणि पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं. शिर्डीला पोचेपर्यंत त्यातलं जेमतेम १५ टक्के उरलेलं असेल.

हे चार आकडे वहीत लिहून ठेवा. न्यूक्लियर मेडिसिनचा इतिहास बऱ्याचदा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी स्कॅनर, मग गॅमा कॅमेरा, मग पेट. माझ्या मते तो अर्धायुष्याच्या क्रमाने वाचला तर त्यातली माणसं दिसायला लागतात. पदार्थाचं आयुष्य जसजसं लहान झालं, तसतसं कारखान्यातलं शेवटचं काम हॉस्पिटलच्या आत सरकलं. ते काम कुणीतरी करायला हवं होतं. त्यातून हा व्यवसाय उभा राहिला.

आठ दिवसांचा काळ

१९४१च्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या पेशंटला पहिल्यांदा उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलं. त्यांच्यासोबत आर्थर रॉबर्ट्स हे भौतिकशास्त्रज्ञ होते. आयोडीन तयार झालं होतं एमआयटीच्या सायक्लोट्रॉनमध्ये. एक डॉक्टर, एक भौतिकशास्त्रज्ञ, अशी ही जोडी लक्षात ठेवा. टेक्नॉलॉजिस्ट नावाचं पद अजून यायचं आहे.

त्याच सुमारास, फेब्रुवारी १९४१ मध्ये, परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो जुळायला वीसेक वर्षं जावी लागली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली, १९६० मध्ये 'सायरस' आली, आणि वैद्यकीय वापराचे समस्थानिक देशातच तयार करण्याची सोय झाली. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आलं. १९६३ मध्ये त्याच आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. आजही लोक त्याला 'आरएमसी' म्हणतात. ते चालवणारी तुर्भ्याची संस्था म्हणजे १९६७ पासूनचं भाभा अणुसंशोधन केंद्र, बीएआरसी.

सुरुवातीचं मोठं काम थायरॉइडचं. आयोडीन आठ दिवस टिकणारं, त्यामुळे घाई नव्हती. तुर्भ्याहून बाटली यायची, ठरलेल्या मात्रेत पेशंटला प्यायला द्यायची, दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर मोजणी-यंत्र धरून ग्रंथीने किती आयोडीन ओढून घेतलं ते मोजायचं. हे काम काळजीचं होतं, पण त्यात हॉस्पिटलात बसून काही 'तयार' करावं लागत नव्हतं.

सहा तासांनी सगळं बदललं

टेक्निशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये सापडलं. पण औषध म्हणून त्याचा उपयोग व्हायला १९५०च्या दशकाचा शेवट उजाडला. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी एक युक्ती बसवली. मॉलिब्डेनम-९९ नष्ट होताना सतत टेक्निशियम-९९एम जन्माला घालतं. मग टेक्निशियम पाठवायचंच कशाला? त्याची आई पाठवा, आणि पोरगं हॉस्पिटलात वेगळं काढा! या उपकरणाला जनरेटर म्हणतात. अमेरिकेतले कामगार बोलीभाषेत त्याला 'गाय' म्हणायचे, कारण रोज सकाळी तिची धार काढायची असते. आपल्या प्रवरा पट्ट्यात ही उपमा कुणाला समजावून सांगायला नको. त्यावेळी या युक्तीचं पेटंट घेण्याइतका तिला बाजार आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढे जगभरात हाडं, हृदय, मूत्रपिंड यांच्या स्कॅनसाठी टेक्निशियम हाच सर्वांत जास्त वापरला जाणारा समस्थानिक झाला.

आता गणित बघा. सोमवारी सकाळी आलेलं मॉलिब्डेनम गुरुवारी सकाळी निम्म्याच्या खाली आलेलं असतं आणि पुढच्या सोमवारी सतरा टक्क्यांवर. म्हणजे विभागाचा आठवडा मॉलिब्डेनम ठरवतं आणि दिवस टेक्निशियम ठरवतं. जास्त डोस लागणारे पेशंट आठवड्याच्या सुरुवातीला घ्यायचे, सकाळी धार काढायची, तिची मात्रा मोजायची, आईचा अंश त्यात उतरलाय का ते तपासायचं, मग 'कोल्ड किट'च्या बाटलीत मिसळून हाडांसाठीचं, मूत्रपिंडासाठीचं असं वेगवेगळं औषध करायचं. दिवसाचं हे वेळापत्रक डॉक्टर एकट्याने सांभाळू शकत नव्हते. टेक्नॉलॉजिस्ट अपरिहार्य झाला तो इथे.

भारतातली वेगळी वाट

परदेशात जनरेटर म्हणजे शिशाच्या डब्यातली एक छोटी नळी. वरून सलाईन सोडायचं, खालून टेक्निशियम येतं. त्यासाठी मॉलिब्डेनम फार तीव्र लागतं, आणि ते युरेनियमच्या विखंडनातून वेगळं काढावं लागतं. भारतात सोपा आणि स्वस्त मार्ग होता तो साधं मॉलिब्डेनम अणुभट्टीत ठेवून किरणोत्सारी करण्याचा. पण त्यात किरणोत्सारी अंश कमी आणि साधं मॉलिब्डेनम जास्त. ते छोट्या नळीत बसत नाही.

म्हणून आपल्याकडे दुसरी पद्धत दीर्घकाळ चालली: द्रावक निष्कर्षण. तुर्भ्याहून सोडियम मॉलिब्डेटचं अल्कधर्मी द्रावण यायचं. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यात मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक घालून ढवळायचं. टेक्निशियम द्रावकात जातं, मॉलिब्डेनम खाली राहतं. दोन थर वेगळे झाले की वरचा थर काढून घ्यायचा, अ‍ॅल्युमिनाच्या नळीतून गाळायचा, मग द्रावक उष्णतेने उडवून टाकायचं आणि तळाशी उरलेलं टेक्निशियम सलाईनमध्ये घ्यायचं. कीटोन ज्वालाग्राही. समोर शिशाच्या विटा, हातात काचेची भांडी, आणि डोक्यात घड्याळ.

हे वर्णन मुद्दाम सविस्तर दिलं. एका भारतीय टेक्नॉलॉजिस्टची सकाळ रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जात होती, तेव्हा त्याच पदावरचा परदेशी माणूस नळीवर सलाईनची बाटली लावत होता. पदाचं नाव एक, कौशल्य वेगळं. स्वस्त पद्धत आपण निवडली असं आपण म्हणतो. पण बचतीचा एक भाग माणसाच्या हातांनी भरून काढला, हे वाक्य संस्थांच्या इतिहासात शोधावं लागतं.

हातांवरचा हिशेब

हात हा शब्द इथे शब्दशः घ्या. या कामात शरीरापेक्षा बोटांना जास्त किरणोत्सार मिळतो, कारण सिरिंज बोटांतच असते. छातीवर टीएलडी बॅज आणि बोटात मोजणीची अंगठी घालायची ती म्हणूनच. भारतात आधी फोटोफिल्मचे बॅज होते; १९७०च्या दशकात टीएलडी आले. बॅज ठरावीक काळाने मोजणीसाठी जातो आणि त्या माणसाच्या नावापुढे आकडा नोंदला जातो.

१९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी स्थापन झालं. आजची मर्यादा अशी: संपूर्ण शरीराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. हातांसाठी वर्षाला ५००. बचावाचे नियम तीनच: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आड. गंमत म्हणजे पहिल्या दोन नियमांची पेशंटच्या गरजेशी रोज ओढाताण होते. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नसेल तर वेळ वाढतो. इंजेक्शननंतर त्याला हाताला धरून टेबलावर झोपवायचं असेल तर अंतर संपतं, कारण तोवर पेशंट स्वतःच किरणोत्साराचा स्रोत झालेला असतो. चांगला टेक्नॉलॉजिस्ट इंजेक्शनच्या आधी सगळं बोलून घेतो, नंतर लांबून बोलतो. यामागचा हिशेब माहीत नसेल तर पेशंटला तो तुटकपणा वाटू शकतो.

शंभर मिनिटांचं पर्व

२००२ मध्ये मुंबईच्या आरएमसीत देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट यंत्र आलं. फ्लोरिनची ११० मिनिटं म्हणजे आणखी कडक घड्याळ. इथे हॉस्पिटलात जनरेटर ठेवायची सोय नाही. औषध सायक्लोट्रॉनहून निघतं ते थेट गाडीत किंवा विमानात. वाटेत घाटात ट्रॅफिक लागलं तर तेवढी मात्रा रस्त्यातच संपते. मग समोर बसलेल्या सहा उपाशीपोटी पेशंटांपैकी कुणाला आधी घ्यायचं, हा प्रश्न टेक्नॉलॉजिस्टसमोर उभा राहतो. लांबून आलेल्याला? मधुमेह असलेल्याला? वजन जास्त म्हणून जास्त डोस लागणाऱ्याला? रस्ता आणि अर्धायुष्य मिळून कुठल्या जिल्ह्याला कुठली तपासणी मिळेल हे ठरवतात. आपल्या आकड्यांतले ते १५ टक्के म्हणजे शिर्डीच्या पेशंटने गाडी का पकडायची याचं एक उत्तर आहे.

मग तो दिसत का नाही?

शोधनिबंधावर डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांची नावं असतात. वार्षिक अहवालात यंत्राची किंमत आणि तपासण्यांची संख्या असते. उद्घाटनाच्या फोटोत मंत्री असतात. टेक्नॉलॉजिस्ट कर्मवाच्य वाक्यांत लपतो: 'टेक्निशियम वेगळे करण्यात आले', 'प्रतिमा घेण्यात आली'. कुणी? हा एक शब्द विचारायची सवय लावून घ्या. अर्ध्या प्रबंधाचं काम त्यात आहे.

उत्तर सापडण्याच्या जागा वेगळ्या आहेत. एक, अभ्यासक्रम. आरएमसीने या कामासाठी पदविका चालवली. तिचा जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवला तर रसायन किती कमी झालं आणि संगणक किती वाढला हे कळेल. दोन, नियम. १९७१ चे आणि २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम, एईआरबीच्या संहिता. कुठल्या पदाला कुठलं शिक्षण आणि कुठली जबाबदारी दिली, ते तिथे लिहिलेलं असतं. तीन, हॉस्पिटलातल्या रोजच्या नोंदवह्या: किती वाजता, किती मात्रा, कुणाची सही. पेशंटची माहिती असल्यामुळे त्यांना नैतिक समितीची परवानगी लागते, ती आधी घ्या. आणि चार, निवृत्त माणसं. द्रावक निष्कर्षण स्वतःच्या हाताने केलेली पिढी आता वयस्कर आहे. वही उद्याही मिळेल, माणूस मिळेलच असं नाही. मुलाखती आधी करा.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. परळला काम सुरू झालं १९६३ मध्ये. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत हे काम रोज सकाळी झालं, कारण ते दुपारपर्यंत थांबवून चालतच नव्हतं. या मधल्या वर्षांवर मराठीत कुणी प्रबंध लिहायला घेतला, तर पहिल्या प्रकरणासाठी माझी एकच सूचना: सुरुवात यंत्रापासून करू नका. सकाळी दार कोण उघडत होतं, तिथून करा.