यहुदीद्वेषाचीं वाहनें

एखादा आरोप खोटा ठरला म्हणजे तो मरतो, असा सुशिक्षितांचा एक समज असतो. यहुदी लोकांविरुद्ध युरोपांत रचल्या गेलेल्या आरोपांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं. त्यांतील मुख्य मुख्य आरोप अधिकारी पुरुषांनीं वेळोवेळीं साधार खोडून काढले आहेत. तरीहि तेच आरोप आज आपल्या हातांतील मोबाइलवर नव्या वेषांत वावरत आहेत. असें कां व्हावें? आमच्या मतें ह्याचें उत्तर आरोपांच्या आशयापेक्षां त्यांना वाहून नेणाऱ्या साधनांत अधिक सांपडतें.

पहिलें वाहन म्हणजे माणसाचें तोंड. इ. स. १३४८ सालीं युरोपांत प्लेगची भयंकर सांथ पसरली असतां, यहुद्यांनीं विहिरींत विष कालविल्यामुळें ती उद्भवली, अशी कंडी उठली. छळ करून कांहीं जणांकडून तसे कबुलीजबाबहि घेण्यांत आले. त्याच वर्षीं पोप सहावे क्लेमेंट ह्यांनीं आज्ञापत्र काढून बजाविलें कीं, ह्या सांथीनें यहुदीहि मरत आहेत, आणि जेथें यहुद्यांची वस्ती नाहीं तेथेंहि ती पसरली आहे. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु १४ फेब्रुवारी १३४९ रोजीं स्ट्रासबुर्ग शहरांत शेंकडों यहुद्यांना जिवंत जाळण्यांत आलें. आणि गंमत नव्हे, दुर्दैव असें कीं, त्या शहरांत सांथ अद्यापि पोंचलीहि नव्हती!

दुसरें वाहन छापखाना. १४७५ सालीं इटलींतील ट्रेंट गांवीं सिमोन नांवाचें एक बालक मृत सांपडलें. यहुद्यांनीं धर्मविधीसाठीं त्याचा बळी घेतला असा आरोप झाला, आणि अनेक यहुद्यांना देहान्त शिक्षा मिळाली. असे आरोप पूर्वींहि झाले होते. परंतु आतां छापील कवनें व चित्रें ही कथा दूरदूरच्या बाजारांत नेऊं लागलीं. त्या बालकाची पूजाअर्चा बंद करण्याचा निर्णय कॅथॉलिक धर्मपीठानें घेतला तो १९६५ सालीं, म्हणजे तब्बल ४९० वर्षांनीं.

छापखान्याची सर्वांत घातक निपज म्हणजे 'प्रोटोकॉल्स ऑफ दि एल्डर्स ऑफ झायन' हें बनावट पुस्तक. यहुदी पुढाऱ्यांनीं गुप्तपणें जमून जगाचें राज्य बळकावण्याचा बेत केला, त्याचें हें इतिवृत्त, असें भासविण्यांत आलें होतें. तें १९०३ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या 'झ्नाम्या' ह्या पत्रांत प्रथम प्रसिद्ध झालें. पुढें १९२१ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्राचे बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज ह्यांनीं त्याची चोरी उघडकीस आणली. मॉरिस जोली ह्या फ्रेंच लेखकानें तिसऱ्या नेपोलियनची खोड मोडण्यासाठीं १८६४ सालीं एक उपरोधपर संवाद लिहिला होता. त्यांतले उतारेच्या उतारे ह्या पुस्तकांत उतरविले होते. मूळ संवादांत यहुदी कटाचा मागमूसहि नव्हता. इतका स्वच्छ पुरावा मिळाल्यावर प्रकरण मिटावयास हवें होतें. पण हिटलरनें आपल्या ग्रंथांत उलटेंच प्रतिपादन केलें: वृत्तपत्रें ज्या अर्थीं ह्या लेखाला बनावट म्हणतात, त्या अर्थीं तो खराच असला पाहिजे! खंडन हाच पुरावा, हा न्याय एकदां पत्करला म्हणजे तर्कशास्त्राचा उपाय खुंटतो. ज्या द्वेषाला असल्या साहित्यानें खतपाणी घातलें, त्याची परिणति साठ लाख यहुद्यांच्या हत्येंत झाली.

तथापि छापखान्याला एक लगाम होता. मजकूर छापणाऱ्याला नांव आणि पत्ता असे. अमेरिकेंतील मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड ह्यानें १९२० सालापासून आपल्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' पत्रांतून ह्याच कल्पनांचा प्रसार चालविला होता. अखेर त्याच्यावर बदनामीचा दावा झाला. १९२७ सालीं त्याला जाहीर क्षमा मागावी लागली आणि पत्रहि बंद करावें लागलें. कोणास जाब विचारावा हें तेव्हां ठाऊक होतें.

तिसरें वाहन जीं समाजमाध्यमें, त्यांनीं नेमका हाच लगाम सैल केला आहे. सप्टेंबर २०१७ मध्यें 'प्रोपब्लिका' ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेनें दाखवून दिलें कीं, फेसबुकवर 'यहुदीद्वेष्टे' असा वर्ग निवडून त्यांनाच जाहिरात दाखविण्याची सोय होती. तो वर्ग कोणा माणसानें मुद्दाम बनविला नव्हता. लोकांनीं स्वतःविषयीं भरलेल्या माहितीवरून यंत्रानेंच तो तयार केला होता. येथें फोर्ड कोणास म्हणावें? शिवाय ह्या माध्यमांत द्वेषाची भाषाहि पकडूं जातां निसटते. २०१६ सालीं यहुदी व्यक्तीच्या नांवाभोंवतीं तिहेरी कंस घालण्याची खूण रूढ झाली. जाणत्याला इशारा पोंचे, आणि यंत्राच्या शोधांत मात्र कांहींच सांपडत नसे. मजकूर काढून टाकला तर 'आमचें तोंड दाबलें, म्हणजे आम्ही खरेंच बोलत होतों' असा हिटलरचाच न्याय पुन्हां पुढें येतो. आणि २०२० सालीं कोरोनाची सांथ येतांच, ती यहुद्यांनीं पसरविली ही १३४८ सालची कंडी तशीच्या तशी उठली. विहिरीच्या जागीं प्रयोगशाळा आली, एवढाच फरक.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. २७ ऑक्टोबर २०१८ रोजीं पिट्सबर्ग येथील प्रार्थनामंदिरांत अकरा माणसांचा खून करणाऱ्यानें, निर्वासितांना साह्य करणाऱ्या एका यहुदी संस्थेवरील आपला राग 'गॅब' ह्या माध्यमावर लिहून मगच बंदूक उचलली होती. पुढील वर्षीं जर्मनींतील हाले येथें हल्लेखोरानें आपलें कृत्य चालू असतांनाच त्याचें थेट चित्र जगाला दाखविलें.

महाराष्ट्राचा अनुभव निराळा आहे. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत बेने इस्रायल लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारीं काम बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. युरोपांतल्यासारखा छळ त्यांच्या वाट्यास येथें आला नाहीं, कारण यहुदी म्हणजे कोण हें लोकांना शेजारावरून ठाऊक होतें. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं बहुतेक इस्रायलला गेले. शेजारी दिसेनासा झाला, आणि त्याच्या रिकाम्या जागीं परदेशांत रचलेलें चित्र मोबाइलवरून येऊन बसणें सोपें झालें.

म्हणून खंडन निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. ग्रेव्ह्जचे लेख नसते तर आज आपणांस खरेंखोटें निवडतांच आलें नसतें. मात्र खंडन हें विद्वानांचें काम, आणि प्रसार हें सर्वांचें, अशी आजची वांटणी आहे. पूर्वीं मजकूर छापील तो प्रकाशक. आज आलेला मजकूर न वाचतां पुढें ढकलणारा प्रत्येक जण प्रकाशक झाला आहे. फोर्डला न्यायालयाच्या धाकानें जी जबाबदारी पत्करावी लागली, ती आपण कोणाच्या धाकावांचून पत्करणार कीं नाहीं, हा प्रश्न आतां घराघरांत येऊन ठेपला आहे.