एकेरी मार्गाचे कुलूप

यवतमाळकरांना शकुंतला रेल्वेची ओळख करून द्यावयास नको. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा एकेरी मार्ग. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत असे. एकेरी मार्ग म्हटला की प्रश्न उभा राहतो: दोन्ही टोकांकडून गाड्या एकदम निघाल्या तर? हाच प्रश्न पुढे संगणकासही पडला, म्हणून आम्ही आज दोहोंचा इतिहास जोडून सांगणार आहोत.

इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प येथे १८७४ साली तारेच्या निरोपात घोटाळा झाला, दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे दगावली. पुढे १८७८ मध्ये एडवर्ड टायर याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. दोन्ही स्थानकांची यंत्रे विजेने जोडलेली. एका वेळी एकच चकती बाहेर निघे, आणि ती हाती असल्याखेरीज गाडी हाकावयाची नाही. निरोपावरचा भरवसा वस्तूवर आला, ही खरी प्रगती.

संगणकात एकाच आज्ञावलीची अनेक कामे एकदम चालतात. प्रत्येकास धागा अथवा थ्रेड म्हणतात. खात्यात १००० रुपये आहेत आणि दोन धागे प्रत्येकी ७०० काढावयास आले, असे समजू. दोघांनी शिल्लक एकदमच वाचली, दोघांनाही ती पुरेशी वाटली. झाले, १४०० गेले! डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या लेखनात यावर जो तोडगा मांडला, त्याचे नाव रेल्वेच्या सिग्नलचेच: सेमाफोर. १९७० नंतर ब्रिंच हान्सन व होअर यांनी माहिती आणि तिचे कुलूप एकत्र बांधणारी 'मॉनिटर' रचना दिली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेतील 'सिंक्रोनाइज्ड' मेथड त्याच वंशातली.

तिचे मर्म असे, की कुलूप मेथडला नसते, ऑब्जेक्टला असते. एकाच खात्याच्या 'भरा' व 'काढा' या दोन्ही मेथड सिंक्रोनाइज्ड असतील, तर एक धागा पहिलीत असताना दुसऱ्यास दुसरीतही शिरता येत नाही. शेजारच्या खात्याचे कुलूप निराळे. तेथील काम अडत नाही. कुलूप ज्याच्या हाती, तो त्या खात्याच्या दुसऱ्या मेथडमध्ये खुशाल जाऊ शकतो. काम संपो वा मध्येच चूक होऊन तो बाहेर पडो, कुलूप आपोआप सुटते.

परंतु शिल्लक बदलणारी एखादी मेथड सिंक्रोनाइज्ड ठेवावयाची राहिली, तर ती कुलपास न विचारताच आत शिरते. चकतीवाचून गाडी हाकणारा एकच चालक निघाला, तरी बाकी सर्वांची शिस्त व्यर्थ होते.