तारापूरचा किल्ला आणि पपईचं मटण

शनिवारी मटण करायचं ठरलं की फोनवर आमचा एक वाद ठरलेला. मी म्हणतो, चक्का आणि कच्ची पपई लावून ठेवलंय. पलीकडून आई: "मटणात दही काय, फळं काय! आपल्याकडे असलं नसतं रे." हा 'आपल्याकडे' डोक्यात बसला आणि मी जरा वाचायला घेतलं.

तर मंडळी, दह्याचं प्रकरण घरचंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात आपल्या श्रीखंडाची आजी म्हणावी अशी शिखरिणी आहे आणि आंबट रस घालून केलेलं मांसही आहे. म्हणजे राजवाड्यात तरी आंबट आणि मांस यांचं भांडण नव्हतं.

पपई मात्र खरीच परकी. मूळ मध्य अमेरिकेतली, सोळाव्या शतकात स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने इकडे आली. आणि तेव्हा आपला हा किनारा कोणाकडे होता? पोर्तुगीजांकडे! बोईसरला उतरून तारापूरला गेलात तर त्यांचा किल्ला आजही दिसतो. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, बाजी भीवराव रेठरेकर तिथेच पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसईही आली. पोर्तुगीज गेले, पपई राहिली.

तिसरा धागा पारशांचा. मांसात जरदाळूसारखं फळ घालायची इराणी सवय त्यांनी जपली. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचेच पारशी बंधू. 1830 च्या दशकात ते थेट हैदराबादच्या निजामाचे सावकार झाले, औरंगाबादच्या टांकसाळीतून 'पेस्तनशाही' रुपये निघाले. पुढच्या दशकात पेढी बुडाली. असो.

आता कृती. किलोभर दही पंचात बांधून चार-पाच तास टांगा. अर्धा किलो मटणाला त्यातला वाटीभर चक्का, एक मोठा चमचा कच्च्या पपईचा साल-चिकासकट वाटलेला गोळा, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं, म्हणून दोन तास पुरेत. रात्रभर ठेवलंत तर लगदा होईल. साधं दही पाणी सोडतं, चक्का मसाला धरून ठेवतो. भरपूर कांदा परतून मंद आचेवर झाकून शिजवा. आच मोठी केली की दही फाटतं.

उरलेल्या चक्क्यात साखर आणि पिकलेल्या चिकूच्या फोडी घाला, गोडाचं झालं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गंमत म्हणजे हा 'आपला' चिकूही मूळचा मेक्सिकोकडचा!

आईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, मग मिरची आणि बटाटाही 'आपल्याकडे' नव्हते, तेही बंद करू का? ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मिरचीचं नाव काढू नकोस. पुढच्या शनिवारी ये आणि करून दाखव."

म्हणजे जिंकलो म्हणायला हरकत नाही. फक्त पपई मोजून घालायला हवी.