सड्यावरचा वारा आणि मुंबईचा कायदा

विजेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या साली कोणते जनित्र फिरू लागले, त्याची शक्ती किती, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, एवढे सांगितले की इतिहास संपला असे समजतात. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमचे वाचन शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत, करारनाम्यांवर व राजपत्रांवर अधिक झालेले. म्हणून हा इतिहास आम्ही सातबाऱ्याच्या आणि कराराच्या बाजूने मांडणार आहोत.

काही वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातील एका वाडीत सभा होती. मागे सड्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. लोक त्यांना 'पंखे' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, कारण या चक्कीत दळण कोणाचे होत नाही. आमचे भाषण झाल्यावर एक वृद्ध बाई उठल्या व म्हणाल्या, "दादा, सडा आमचा, वारा देवाचा, मंग लाईट कुणाची?" त्या दिवशी आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत मुख्यतः एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. याच मुलखाने १९४२ नंतर नाना पाटलांचे प्रतिसरकार पाहिले. सरकारचा हुकूम निमूटपणे मानावा, हा या मातीचा स्वभाव नव्हे. तथापि वीज आली तेव्हा हाच मुलूख बऱ्याच अंशी मुकाट राहिला. असे का झाले?

पहिली वीज पाण्याची. शेजारच्या मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. ती लढाई खाजगी कंपनीशी व परक्या राज्याशी होती. कोयनेचे काम १९५४ साली सुरू झाले तेव्हा राज्य आपले होते. देशाची वीज, देशाचे धरण, या शब्दांत तेव्हा खरी जादू होती. खोऱ्यातील माणसांनी घरे सोडली, देव उचलले आणि काहींनी तर दूर परजिल्ह्यांत संसार मांडले. पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे वळले आणि १९६२ साली वीज सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, तरी धरण उभे राहिले. पुढे टप्प्याटप्प्याने या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली.

परंतु विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला १९७६ साली. म्हणजे माणसे आधी उठली व कायदा मागाहून आला. याउलट पाण्याची वाटणी मात्र काटेकोर झाली. कृष्णा लवादाने कोयनेचे पश्चिमेला वळवावयाचे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांवर बांधून दिले. राज्याराज्यांतील भांडणाला न्यायाधीश मिळाला. राज्य आणि वाडी यांच्यातील भांडणाला तो मिळाला नाही.

दुसरी वीज वाऱ्याची, आणि आमचा मुख्य विषय तीच. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे ही पठारे सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेथे असा वारा वाहतो की गुराख्याची खोळ अंगावर राहत नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वनकुसवड्यावर ३५० किलोवॉटची यंत्रे रांगेने उभी राहिली. १९९८ साली राज्याने पवनऊर्जेचे धोरण जाहीर केले व त्यात विक्रीकराची सवलत दिली. पाठोपाठ सांगलीकडे ढालगावच्या माळावरही पंखे आले.

ही यंत्रे कोणी घेतली, हे समजावयास आयकराचा एक नियम पाहावा लागतो. त्या काळी पवनचक्कीची सगळी किंमत घसारा म्हणून पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येई. पुढे हे प्रमाण ८० टक्के झाले. समजा एका कारखान्याने एक कोटीची चक्की घेतली. कंपनीकर तेव्हा रुपयाला ३५ पैसे होता. म्हणजे त्या वर्षी ३५ लाखांचा कर वाचला, आणि तोही पाते एक फेरा फिरले की. वर्षातील १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा घसारा मिळे. त्यामुळे ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च या दोन तारखांना पंचांगातील मुहूर्ताचे महत्त्व आले. सड्यावर रात्री दिवे लावून कामे चालत ती या मुहूर्तांसाठी.

सवलत यंत्र उभे करण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हती. ही चूक सरकारच्याही ध्यानात आली, आणि २००९ च्या डिसेंबरात केंद्राने प्रत्येक युनिटमागे ५० पैसे उत्तेजन देण्याची योजना आणली. तत्पूर्वी २००३ च्या नोव्हेंबरात राज्य वीज नियामक आयोगाने नव्या पवनचक्क्यांना युनिटला साडेतीन रुपये दर ठरवून दिला. तो दरसाल १५ पैशांनी वाढणार होता आणि करार १३ वर्षांचा. हिशेब केला तर तेराव्या वर्षी दर ५ रुपये ३० पैसे होतो. गुंतवणारास तेरा वर्षांची निश्चिती मिळाली. आम्ही त्याला दोष देत नाही. निश्चितीवाचून कोणी डोंगरावर पैसा घालीत नाही, आणि त्या काळी वीज मंडळाची तिजोरी भरलेली नव्हती. आमचे म्हणणे एवढेच की ज्याच्या जमिनीवर खांब रोवला त्याला तेरा दिवसांचीही निश्चिती कोणी दिली नाही. त्याला एकदाच मोबदला मिळाला आणि विषय संपला.

तो मोबदलाही कसा मिळाला ते सांगितले पाहिजे. सड्याची जमीन सामाईक. सातबाऱ्यावर सात-आठ नावे. त्यांतील निम्मी माणसे मुंबईत, कोणी गिरणीत, कोणी माथाडी. व्यवहार गावच्या एकाने केला आणि मुंबईच्या भावाला तो गणपतीला गावी आल्यावर, डोंगरावर पंखा पाहून कळला, अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. येथे एक गोष्ट आमच्या मनाला डाचते. याच पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसालाही नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो, हे या तालुक्याने मुंबईला शिकविले. तीच माणसे आपल्या डोंगराचा करार करताना एकटी पडली.

लोकांचा राग मग भलत्याच वाटेने बाहेर पडला. २००२ पासून दोन-तीन वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा पंखे ढग पळवितात असे लोक म्हणू लागले. हे खरे नव्हे. मोसमी पाऊस हजारो मैलांवरून येतो, आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा मुलूख पर्जन्यछायेतला. पंख्याचे नाव नव्हते तेव्हा, १९७२ सालीही, तो होरपळलाच होता. पण शहरातील सुशिक्षित या समजुतीला हसले, ते आम्हाला आवडले नाही. ज्या यंत्रापासून आपल्याला काहीच मिळत नाही त्याच्याविषयी माणूस वाईटच कल्पना करतो. वीज घेऊन जाणारी तार डोक्यावरून जाते आणि खालच्या विहिरीवरचा पंप रात्री-अपरात्री आठ तासच चालतो, हा अनुभव शास्त्राच्या व्याख्यानाने पुसला जात नाही.

पशुपक्ष्यांचाही हिशेब आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला आणि २०१२ साली कास पठार जागतिक वारशात गेले. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी, आणि म्हणून सरडे अधिक, असे त्यांना आढळले. त्या सरड्याच्या कुळाला शास्त्रात 'सरडा' हेच आपले मराठी नाव २०१६ साली मिळाले आहे. स्वच्छ वीजही फुकट नसते, कोणीतरी किंमत मोजतोच.

आता स्वतःविषयी. सांगली-साताऱ्याने साखरेत सहकार उभा केला. वसंतदादा पाटील, राजारामबापू पाटील, यशवंतराव मोहिते यांच्या काळात शेतकरी भागभांडवल घालून कारखान्याचा मालक झाला. आज अनेक कारखाने उसाच्या चोयट्यांवर वीज करून विकतातही. मग वाऱ्याचा सहकार का झाला नाही? एक कारण वरच्या हिशेबात आहे. सवलत करात होती, आणि ज्याला करच नाही त्याला करसवलत कसली? नियमानेच शेतकऱ्याला दाराबाहेर ठेवले. पण दुसरे कारण आम्ही आहोत. युनियनवाल्यांनी पठारावर जाऊन काय मागितले? पहारेकऱ्याच्या नोकऱ्या. त्या कंत्राटदारामार्फत काहींना मिळाल्या, आणि आम्ही समाधानाने खाली उतरलो. भाग मागावयाचा सोडून आम्ही राखणदारी मागितली.

हे स्वप्नरंजन नव्हे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात वीस चक्क्या उभ्या आहेत. त्यांतील निम्म्या हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या म्हणून उभारल्या गेल्या. तेथील २००८ सालच्या कायद्याने नव्या चक्कीचे निदान २० टक्के भाग शेजारच्या रहिवाशांना देऊ करणे सक्तीचे केले होते. पुढे त्याऐवजी शेजाऱ्यांना वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली. आपल्याकडेही वारे थोडे फिरले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने घेताना हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल ३ टक्के वाढ ठरली. म्हणजे जमीन शेतकऱ्याची राहते व भाडे चालू राहते. सूर्याला जे जमले ते वाऱ्याला का जमू नये?

हा प्रश्न जुना झालेला नाही. २००३ नंतरच्या पहिल्या चक्क्यांचे तेरा वर्षांचे करार संपले आहेत. लहान यंत्रे काढून त्याच जागी मोठी उभारण्याचे केंद्राचे धोरण २०१६ साली आले व २०२३ साली सुधारले गेले. मोठ्या यंत्राला रुंद रस्ता लागतो, नव्या तारा लागतात, ग्रामपंचायतीशी बोलावे लागते. एकदा हुकलेली बैठक पुन्हा भरण्याची ही वेळ आहे. तेव्हा तीन गोष्टी मागाव्यात, असे आम्ही सुचवितो. सातबाऱ्यावरील प्रत्येक नावाला, मुंबईतल्याही, लेखी नोटीस. एकदाच्या किमतीऐवजी युनिटमागे ठरावीक पैसा. आणि गावच्या सहकारी संस्थेला प्रकल्पात भाग घेण्याचा पहिला हक्क.

त्या बाईंना आज आम्ही सांगू की, आजी, कायद्याने लाईट करार करणाराची. आजवरचा करार तुम्हाला वगळून झाला. पुढच्या वेळी कागद वाचल्यावाचून अंगठा देऊ नका, आणि वाचावयास आम्हाला बोलवा. या वेळी आम्ही पहारेकऱ्याची नोकरी मागून परत येणार नाही.