'रामदास' बुडाली कधी, कळलं कधी?

दहिवलीतून समुद्र दिसत नाही, पण आजचं उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याचं आहे. १७ जुलै १९४७ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई जवळच होती, पण बोटीवर वायरलेस नव्हता. वाचलेले लोक पोहत किनाऱ्याला लागले, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली.

२०१० पासून मच्छीमार बोटींसाठी इस्रोचं संकटसूचक यंत्र आलं. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बोटीचं ठिकाण तटरक्षक दलाला कळतं. पण एकटाच खलाशी पाण्यात पडला तर? त्याचं छोटं यंत्र लाइफ जॅकेटलाच बसवावं लागतं. ते एआयएसवरून त्याची जागा जवळच्या बोटींना दाखवतं. मात्र अँटेना पाण्याबाहेर हवी आणि बोटीवरचा रिसीव्हर चालू हवा.

म्हणून अपघातावर संशोधन करताना फक्त 'किती गेले' एवढंच विचारू नका. अपघात कधी झाला, कळलं कधी, मदत पोचली कधी, या तीन वेळा वेगळ्या नोंदवा. 'रामदास'मध्ये पहिल्या दोन वेळांत कित्येक तास गेले. ते का गेले, हाच तुमचा संशोधनप्रश्न.